मनीऑर्डर थांबली तेव्हा : खटाव तालुक्यातल्या एका शेतकरी घराचं प्रकरण, १९४५-४६

मी जुन्या शेतकरी घरांतले मोडीतले कागद वाचून देते. गहाणखतं, फारखती, वाटण्या. हे प्रकरण अशाच एका गाठोड्यातून हाती आलं. त्यात एक गहाणखत, मनीऑर्डरची ५४ कुपनं, पोस्टाचं एक पासबुक आणि १९४९ चा एक निवाडा होता. बाकीचं सगळं त्या घरातल्या थोरल्या मुलीने सांगितलं. तिचा जन्म १९३८ चा. गावाचं, माणसांचं आणि सावकाराचं नाव तिच्याच इच्छेने दिलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली म्हणजे घर सुखात आलं, असं आपण धरून चालतो. या घराची खरी ओढाताण मात्र लढाई संपल्यावर सुरू झाली, आणि ती कशी निभावली हे तपशिलात पाहण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

घरात सात माणसं. आबा म्हणजे घरचे कर्ते, साठीच्या पुढचे. त्यांची विधवा बहीण, जिला सगळे आत्ती म्हणत. थोरला मुलगा, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि मुलगा, आणि १७ वर्षांचा धाकटा भाऊ.

जमीन १४ एकर. त्यातली ८ एकर मुरमाड, पावसावर बाजरी-मटकी देणारी. ३ एकर मळा, पण विहीर भाऊबंदांच्या हिश्श्याची, त्यात यांचा वाटा चार आण्यांचा, म्हणजे दर चौथ्या दिवशी मोटेची पाळी. उरलेली ३ एकर काळी, ओल धरणारी, शाळूची जमीन. घराचं खरं पोट तीच. आणि तीच १९३८ मध्ये ४०० रुपयांना गहाण पडली. त्या वर्षी थोरल्याच्या बहिणीचं लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात एक बैल गेला.

गहाण ताब्याचं होतं, म्हणजे जमीन सावकार कसणार आणि पीक व्याजात जिरणार. कागदात सात वर्षांची मुदत होती. ती १९४५ च्या पाडव्याला पुरी होत होती. घरात सगळ्यांची पक्की समजूत अशी, की सात वर्षांत पैसे फेडले नाहीत तर जमीन गेली. ही समजूत कुठून आली ते कुणाला आठवत नाही. कागद आबांच्या पेटीत होता आणि तो मोडीत होता. आबांना सही करता येई, वाचता येत नसे.

थोरला १९४० मध्ये पलटणीत भरती झाला. घरात त्या वर्षी पाच माणसांचीही भाकर भागत नव्हती, एवढंच त्यामागचं कारण. बेळगावला शिक्षण घेऊन तो मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीबरोबर परदेशी गेला, आणि शेवटची दोन वर्षं इटलीत होता. सेनियो नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ ला जी लढाई झाली आणि जीत नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तिच्याबद्दल तो पुढे एवढंच म्हणे की पाणी फार गार होतं.

हिंदुस्थानी फौजेत त्या वेळी २५ लाखांच्या घरात माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पगाराचा काही भाग दर महिन्याला मनीऑर्डरने येई. या घरी जानेवारी १९४१ पासून महिना १५ रुपये आले, १९४४ पासून २०. पैसे बायकोच्या नावाने येत. तिला लिहिता येत नव्हतं. पोस्टमन डाव्या अंगठ्याला शाई लावून फॉर्मवर ठसा घेई आणि कुपन फाडून तिच्या हातात देई. ती ते कुपन कणगीमागच्या कोनाड्यात ठेवी आणि कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढी. घर उतरवलं त्या वर्षी मुलीने त्या रेघा मोजल्या. ६१ भरल्या. सात कुपनं हरवली असावीत, रेघ एकही हरवली नाही.

लढाई संपत आली तेव्हाचा दिवस

पहाटे जात्यावर दोघी, आत्ती आणि सून. दिवा बहुतेक नाहीच, कारण रॉकेल कंट्रोलवर होतं आणि कंट्रोलचं रॉकेल गावात यायच्या आत संपत असे. करंजाच्या तेलाची पणती फक्त जनावराचं वेत असलं तर लागे. काड्यापेटी जपून वापरायची, म्हणून रात्री चुलीत गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि विझला तर शेजारून मागून आणायचा. कापडही कंट्रोलचं. सुनेची दोन लुगडी होती, दोन्हींना ठिगळं, आणि त्यांतलं बरं लुगडं पोस्टमनच्या दिवसासाठी.

लोखंड मिळत नव्हतं, हे मला वाटतं आपण फार कमी लक्षात घेतो. नांगराचा फाळ झिजून बोटभर राहिला तरी तोच धार लावून चालवायचा. गाडीच्या चाकाची धाव निघाली की लोहार जुनीच तापवून आवळून बसवी. मोटेचं चामडं आणि नाडा-सोंदूर, म्हणजे मोट ओढायचे दोर, यांचे भाव दर हंगामाला चढत. त्यामुळे चौथ्या दिवशी पाणी हक्काचं असलं तरी मोट फाटलेली असेल तर ते पाणी विहिरीतच राही.

धान्यावर लेव्ही होती. ब्रह्मदेशचा तांदूळ १९४२ मध्ये बंद झाला, मुंबईत मे १९४३ पासून रेशनिंग आलं आणि त्या रेशनला लागणारं धान्य खेड्यांतून ठरल्या भावाने उचललं जाऊ लागलं. पेरा किती, माणसं किती, त्यावर आकडा ठरे. सरकारी भाव बाजारापेक्षा कमी. १९४४ च्या सुगीतला जोंधळा आत्तीने परसातल्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, उतरवला आणि वर उकिरडा पसरला. मुंबईच्या चाळीत आपलाच भाऊबंद रेशनच्या रांगेत उभा होता, हे गावाला माहीत होतं. तरीही या घराने धान्य दडवलं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. काळी जमीन हातची गेलेली असताना पेव हाच त्यांचा विमा होता.

एक अवघडलेपण आणखी होतं. याच तालुक्यात, वडूजला, ९ सप्टेंबर १९४२ ला मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ माणसं गेली. पुढे सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. आणि या घरातला मुलगा सरकारच्या पलटणीत. कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाणवठ्यावर सून आली की बोलणं थांबे. तिने हे सगळं एकटीने सोसलं. घरात सांगायची सोय नव्हती, कारण आबा चिडले असते आणि धाकटा दीर मोर्चेवाल्यांच्या मागे हिंडत होता.

८ मे १९४५ ला युरोपातली लढाई संपली. मुलीला आठवतं ते शाळेत हातावर ठेवलेली चिमूटभर साखर. ती तिने मुठीत घरी आणली, निम्मी धाकट्या भावाच्या जिभेवर ठेवली आणि निम्मी घामाने विरघळून गेली.

अडचण

तो पहिल्यांदा घरी आला ऑगस्ट १९४५ मध्ये, सुट्टीवर. रहिमतपूर स्टेशनवर गाडीतून उतरून एका बैलगाडीत ट्रंक टाकली आणि मागून चालत आला. मुलगी उंबऱ्यात होती. तिने आत ओरडून सांगितलं, "कोण तरी पाव्हणं आल्यात." धाकट्याने तर बापाला कधी पाहिलेलंच नव्हतं.

सुट्टी दीड महिन्याची होती. ती संपवून तो परत गेला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये डिस्चार्ज घेऊन कायमचा आला. मधल्या पाच महिन्यांत तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या.

परतीचा पाऊस फसला. बाजरी कशीबशी निघाली, पण मळ्याच्या कडेला पेरलेला शाळू गुडघ्याएवढा होऊन वाळला. जानेवारीनंतर मनीऑर्डर आली नाही, येणारच नव्हती. आणि सावकाराचा पुतण्या आबांना येऊन सांगून गेला की मुदत पाडव्यालाच संपली आहे, आता खरेदीखत करून टाकू, वर शंभर रुपये देतो.

या तिन्हींतला सांधा घरात एकट्या सुनेने ओळखला होता. काळी जमीन गेली म्हणजे धान्य गेलं, असं आबा धरत. ती म्हणे, धान्य नंतर, आधी कडबा गेला. बाजरीच्या सरमाडावर बैल उन्हाळा काढत नाही, त्याला शाळूचा कडबा लागतो, आणि शाळू येतो काळीत. सात वर्षं कडबा विकत घ्यावा लागत होता आणि १९४१ पासून तो मनीऑर्डरमधून येत होता. म्हणजे पलटणीचा पगार खऱ्या अर्थाने बैलाच्या दावणीत जात होता. पगार थांबला त्याच वर्षी कडब्याचा शेकडा दुपटीवर गेला.

दावणीला एक बैल, एक गाय आणि एक कालवड होती. दुसरा बैल १९३८ मध्ये गेला तो गेलाच. तेव्हापासून एका शेजाऱ्याशी वारंगुळा चालू होता, त्याचा एक बैल आणि यांचा एक.

समोर असलेले पर्याय

थोरला आला तेव्हा त्याच्याकडे साठलेला पगार आणि निघतानाचा पैसा मिळून ६१० रुपये होते. एवढी रक्कम त्या घराने आधी पाहिली नव्हती, आणि तिच्यावर चार मतं होती.

आबांचं मत, आधी जमीन सोडवायची. ४०० मोजायचे आणि कागद फाडायचा. यात अब्रूचा भाग मोठा होता, पण नुसता हट्ट नव्हता. पुतण्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला होता आणि आज नाही तर कधीच नाही, अशी त्यांची धारणा झाली होती.

थोरल्याचं मन दुसरीकडे होतं. त्याच्या पलटणीतून सुटलेले चौघे मिळून फौजेच्या विक्रीला निघालेल्या मालातली एक लॉरी घेणार होते. माणशी अडीचशे. इटलीत त्याने मालाची वाहतूक पाहिली होती, आणि शेतीत आपला जीव रमेल का याची त्याला खात्री नव्हती. हे शेवटचं तो तेव्हा बोलला नाही, फार पुढे बोलला.

धाकट्या दिराला मुंबईला गिरणीत जायचं होतं. त्याला लागणार होतं फक्त गाडीभाडं आणि परळला ओळखीच्या खोलीत झोपायला जागा. एक तोंड कमी आणि महिन्याकाठी थोडे पैसे घरी, असा त्याचा हिशोब होता.

सुनेचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिने ते आत्तीमार्फत घातलं. आधी कडबा भरा, बैल जगवा, मोट शिवून घ्या, उरलेल्याला हात लावू नका.

पाचवी वाटही होती. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळापुढे सावकाराची तक्रार नेता आली असती. दिराने ते सुचवलं. थोरल्याने नकार दिला. पाच वर्षं सरकारची भाकरी खाऊन आता यांच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ, असं तो म्हणाला. मला वाटतं मंडळाने त्याला हाकललं नसतं. पण त्याचा संकोच खरा होता.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

आबांनी कुणाला न सांगता २०० रुपये सावकाराच्या घरी नेऊन दिले. उरलेले दोनशे सुगीनंतर देतो, तोवर खरेदीची भाषा करू नका, एवढीच विनंती. पावती घेतली नाही. "एवढ्या वर्सांचा यवहार, त्येला कागुद कशाला," असं त्यांनी परत आल्यावर सांगितलं.

त्या रात्री घरात जेवण झालं नाही. सून चुलीपुढे बसून राहिली. मुलगी तिच्या मांडीवर होती आणि तिला आईचा आवाज आठवतो. सासऱ्यांसमोर ती कधी बोलत नसे. त्या रात्री पदर पुढे ओढून भिंतीकडे बघत बोलली. "मामंजी, जमीन कुठं पळून जात न्हाई. बैल गेला तर ती जमीन काय नखानं उकरायची?"

आबा उठून बाहेर गेले. थोरला गप्प होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने उरलेल्या पैशांची पिशवी आबांच्या पेटीत न ठेवता तिच्या हातात दिली. या प्रकरणातलं सगळ्यांत मोठं वळण मी हे धरते. तो पैसा पलटणीचा होता, कमावणारा तो होता, आणि त्याने हिशोब तिच्याकडे सोपवला. तिने भिंतीवर ओढलेल्या रेघा त्याने आदल्या सुट्टीत पाहिल्या होत्या.

दुसरा निर्णय : बैल

११० रुपयांचा कडबा घेतला, पण गावात नाही. कृष्णेकाठच्या आत्तीच्या सासरी कडबा स्वस्त होता. गाडीभाडं घालून तो आणण्यापेक्षा जनावरंच तिकडे न्यायची, असं ठरलं. गाय आणि कालवड दिराने हाकत नेली आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच राहिली. बैल मात्र घरी ठेवला, कारण मोटेची पाळी चुकवली की ती भाऊबंद वापरत आणि एकदा वापरली की त्यांची सवय होते.

६० रुपयांत मोटेचं चामडं, नाडा-सोंदूर आणि एक फाळ. ४० रुपये घरी परतल्याच्या पूजेला आणि कपड्यांना गेले होते. उरले २००.

जोडी पुरी करण्यासाठी दुसरा बैल घ्यावा, असा थोरल्याचा आग्रह होता. सुनेने मोडता घातला. दुष्काळाच्या तोंडावर बैल स्वस्त मिळतात हे खरं, पण स्वस्तात घेतलेल्या बैलालाही खायला लागतं. वारंगुळा चालू ठेवला.

मार्चमध्ये पेव उघडलं. वरची शिळा सरकवून एक दिवस तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दोरीला पणती बांधून आत सोडली. ती पहिल्यांदा विझली. आणखी एक दिवस थांबले. मग पणती तगली, तेव्हा दीर कमरेला दोर बांधून उतरला. बारा मणांची आशा होती. कडेचा जोंधळा काळा पडून त्याला कुबट वास येत होता, खाण्याजोगा नऊ मण निघाला. तो वास भाकरीला पावसाळ्यापर्यंत येत राहिला, आणि मुलगी म्हणते की अजून कधी नाकात येतो.

तिसरा निर्णय : कागद वाचून घेणं

थोरला पलटणीत लिहायला-वाचायला शिकला होता, पण रोमन अक्षरांत. फौजेत हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीत शिकवत. गावात पत्र आलं की तो पत्ता वाची आणि लोकांना कौतुक वाटे. घरचा मोडी कागद मात्र त्याला चित्रासारखा दिसे. याची त्याला लाज वाटली असावी, म्हणून दोन महिने गेले.

शेवटी एप्रिलमध्ये शेजारच्या गावातल्या एका निवृत्त मास्तरांकडे तो आणि आबा कागद घेऊन गेले. मास्तरांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "जमीन गेली म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी तो कागद पाहिला आहे. त्यात 'मुदत खरेदी' हा शब्द कुठेही नाही. मुदत खरेदी असती तर ठरल्या दिवसात पैसे न दिल्यास गोष्ट अवघड झाली असती. हे साधं ताबेगहाण होतं. सात वर्षांची मुदत याचा अर्थ असा, की सात वर्षांच्या आत सोडवता येणार नाही. त्यानंतर पैसे देऊन केव्हाही सोडवता येईल. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे असं गहाण सोडवून मागायला तेव्हा ६० वर्षं होती. म्हणजे घाई सावकाराला होती, यांना नव्हती. आठ वर्षं एक घर उलट्या अर्थाच्या धाकाखाली जगलं.

परत येताना आबा वाटेत एका आंब्याखाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुतण्या आला, तेव्हा थोरल्याने त्याला खरेदीला साफ नकार दिला आणि दोनशेची पावती मागितली. पुतण्या म्हणाला, ते व्याजापोटी होते.

रात्रीची पाळी

पैशांच्या हिशोबात न बसणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. थोरल्याला घरात झोप येत नसे. छपराखाली पडला की तो तासाभरात उठे आणि ओट्यावर येऊन बसे. कुत्रं भुंकलं की त्याचा हात जमिनीवर काहीतरी चाचपे. अंगात थंडीताप अधूनमधून येई, त्याला निदान नाव होतं, हिवताप. दुसऱ्याला नाव नव्हतं.

विहिरीची पाळी चोवीस तासांची असे, आणि उन्हाळ्यात रात्री पाण्याची वाफ कमी होते म्हणून रात्रीची मोट फायद्याची. पण रात्री काम करायला कुणी राजी नसे. थोरल्याने रात्र अंगावर घेतली. पुढे भाऊबंदही आपली रात्रीची पाळी त्याच्याकडे देऊ लागले आणि बदल्यात दिवसाचे दोन तास जास्त सोडू लागले. चार आण्यांच्या हिश्श्यावर मळा सव्वापट भिजला. त्या उन्हाळ्यात मळ्यात मका आणि हिरवा चारा निघाला तो या रात्रीच्या पाण्यावर.

घराला हे सोयीचं पडलं, आणि म्हणूनच त्याला काय होतंय हे कुणी विचारलं नाही. सून पहाटे भाकरी घेऊन मळ्यात जाई आणि मोटेच्या धावेवर त्याच्याबरोबर बसे, काही न बोलता. मुलीच्या मते तेवढ्यानेच तो सावरला. मला हे मान्य करायला जड जातं, कारण तो पुढची चार वर्षं रात्री घरात झोपला नाही.

परिणाम

जून १९४६ मध्ये पाऊस वेळेवर आला. बैल उभा होता. वारंगुळ्याने आठ एकर बाजरी आठवड्यात पेरून झाली. ज्या दोन घरांनी उन्हाळ्यात बैल विकले होते, त्यांची पेरणी लांबली.

लॉरीत थोरला शिरला नाही. ती चौघांऐवजी तिघांनी घेतली, ती दोन वर्षं चालली आणि सुट्या भागांअभावी बंद पडली. पण त्या तिघांतल्या एकाने पुढे स्वतःची गाडी केली आणि तो चांगला वर आला. तेव्हा थोरल्याने शहाणपणा केला असं मी सरसकट म्हणणार नाही. त्याने जोखीम टाळली, आणि त्या वर्षी घराला तेच परवडणारं होतं.

धाकटा दीर मुंबईला गेला. त्याची पहिली मनीऑर्डर दिवाळीला आली, दहा रुपयांची. सुनेने भिंतीवर रेघ ओढली नाही. रेघा फक्त पलटणीच्या पैशांच्या होत्या.

जमिनीचं प्रकरण १९४७ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याखाली कोर्टात गेलं. सावकाराने काढलेल्या पिकाचा हिशोब झाला आणि १९४९ च्या निवाड्यात देणं बरंच कमी करून तीन हप्त्यांत बांधून दिलं. पावती नसलेल्या दोनशेंचा त्यात उल्लेखही नाही. पोस्टात ठेवलेल्या दोनशेतून पहिले दोन हप्ते गेले. जमीन १९५१ मध्ये हातात आली आणि त्या वर्षी काळीत शाळू उभा राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी हुकलेली संधी ऑगस्ट १९४५ ची सुट्टी. नोकरीत असलेल्या शिपायाचा घरचा जमिनीचा तंटा असेल, तर त्याचा अफसर जिल्ह्याच्या कलेक्टरला पत्र लिहू शकत असे, आणि अशा पत्राची दखल घेतली जाई. १९२५ चा शिपायांच्या दाव्यांबद्दलचा कायदाही त्याच्या बाजूने होता. लढाईवर असलेल्या शिपायाच्या पाठीमागे दावा चालवून निकाल घेता येत नसे. डिस्चार्ज घेतला आणि ही ढाल गेली. सुट्टीत त्याला सावकाराचं कुणी सांगितलंच नाही. "सुट्टीवर आल्याला पोराला रडगानं नगं," हा आबांचा हुकूम होता. मायेपोटी केलेली ही लपवाछपवी घराला सगळ्यांत महाग पडली, असं माझं मत आहे.

पावतीचं तर बोलायलाच नको. दोन साक्षीदारांपुढे पैसे दिले असते तरी चाललं असतं.

कागद आधी वाचून घ्यायला हवा होता, हे तिसरं. मास्तर दीड कोसावर राहत होते. आठ वर्षांत कधीही जाता आलं असतं. हा मुद्दा मी मुलीला वाचून दाखवला तेव्हा तिने मान हलवली. तिचं म्हणणं असं, की आबांच्या पेटीतला कागद आबांच्या आधी दुसऱ्या कुणी बाहेर काढला असता, तर त्याच दिवशी चुली वेगळ्या झाल्या असत्या, आणि वाटणीत तिच्या आईच्या हिश्श्याला मुरमाड आलं असतं. आई वाट बघत बसली ती न कळून नव्हे. आबांनी आपल्या हाताने पेटी उघडेपर्यंत ती थांबली.

माझं मत मी बदललेलं नाही. पण ती त्या घरात वाढली आहे, म्हणून तिचं म्हणणंही इथे लिहून ठेवलं आहे.